गोमंतकीयांचे दुहेरी राष्ट्रीयत्व आणि मतदार-नोंदणीचा प्रश्न

१. विषयाचे स्वरूप

मतदारयादी ही वरकरणी निवडणूक-कचेरीतील एक साधी नोंदवही आहे. तथापि राज्यशास्त्राच्या दृष्टीने तिचे महत्त्व याहून पुष्कळ अधिक आहे. राज्याचे घटक कोण, सार्वभौम सत्तेत भाग घेण्याचा अधिकार कोणास आणि कोणत्या पुराव्यावर मिळतो, या प्रश्नांचे व्यवहारातील उत्तर ही यादी देत असते. नागरिकत्वासंबंधीचे वाद न्यायालयात वर्षानुवर्षे चालू शकतात. यादीला मात्र ठराविक तारखेपर्यंत एखादे नाव घ्यावे लागते अथवा गाळावे लागते. ज्या व्यक्तीवर दोन राज्ये एकाच वेळी आपला हक्क सांगतात, तिच्या बाबतीत ही अडचण विशेष तीव्र होते.

भारतीय कायद्याने दुहेरी नागरिकत्व मान्य केलेले नाही. असे असूनही भारताच्या भूमीवर असा एक मोठा समाज आहे, की ज्याच्या अनेक घटकांना त्यांनी स्वतः काहीही न करता दोन राज्यांच्या कायद्यांनी आपले मानले. हा समाज म्हणजे १९ डिसेंबर १९६१ पूर्वी पोर्तुगीज अमलाखाली जन्मलेले गोवा, दमण व दीव येथील लोक आणि त्यांचे वंशज. या लोकांच्या मतदार-नोंदणीचा प्रश्न मुक्तीच्या वेळी जवळजवळ कोणाच्या ध्यानातही आला नाही. पुढे दोन पिढ्यांनी तो न्यायालये, मंत्रालये आणि गावोगावच्या मतदान-केंद्रांपर्यंत पोहोचला. तो कसा उद्भवला आणि अद्याप का सुटला नाही, याचा ऐतिहासिक क्रमाने विचार करणे अगत्याचे आहे.

२. घटनेची चौकट

भारतीय संविधानाच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रौढ मतदानाचा हक्क दिला तो ‘भारताच्या नागरिकास’. प्रारंभी वयाची अट २१ वर्षांची होती. एकसष्टाव्या घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे १९८९ पासून, ती १८ वर्षांची झाली. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० याच्या कलम १६ अन्वये जी व्यक्ती भारताची नागरिक नाही, ती मतदारयादीत नाव नोंदविण्यास अपात्र ठरते. नोंदणी झाल्यावर अशी अपात्रता उत्पन्न झाली, तर ते नाव तत्काळ काढून टाकावे, असेही त्याच कलमात सांगितले आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम ६२ ने अशा व्यक्तीस, नाव यादीत असले तरी, मतदान करण्यास मनाई केली आहे.

नागरिकत्वाविषयीचे संविधानातील अनुच्छेद ५ ते ९ हे संविधानाच्या उर्वरित भागापूर्वीच, २६ नोव्हेंबर १९४९ पासून, अमलात आले. संविधान सभेत या अनुच्छेदांवर ऑगस्ट १९४९ मध्ये जी चर्चा झाली, तिच्यावर फाळणीची छाया होती. विदर्भातील सदस्य डॉ. पंजाबराव देशमुख यांना मसुद्यातील तरतुदी फार सैल वाटत होत्या. हिंदू अथवा शीख धर्माची जी व्यक्ती अन्य कोणत्याही राज्याची नागरिक नाही, तिला ती कोठेही राहत असली तरी नागरिकत्व मिळावे, अशा आशयाची उपसूचना त्यांनी मांडली. ती स्वीकारली गेली नाही. परंतु ‘अन्य राज्याची नागरिक नसावी’ ही तिच्यातील अट लक्षणीय आहे. धर्माच्या कसोटीविषयी सभेत तीव्र मतभेद होते. एकनिष्ठ नागरिकत्वाच्या कसोटीविषयी तसे मूलभूत मतभेद दिसत नाहीत.

अनुच्छेद ९ ची शब्दरचना येथे बारकाईने पाहिली पाहिजे. ज्याने ‘स्वेच्छेने’ परकीय राज्याचे नागरिकत्व संपादन केले, तो भारताचा नागरिक राहणार नाही, असे त्यात म्हटले आहे. जन्मतःच ज्याच्याकडे परकीय राष्ट्रीयत्व होते, त्याच्याविषयी हा अनुच्छेद मौन पाळतो. नागरिकत्व कायदा, १९५५ याच्या कलम ९ नेही हाच शब्द कायम ठेवला : देशीयकरणाने, नोंदणीने किंवा अन्य प्रकारे जो भारतीय नागरिक स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व संपादन करील, त्याचे भारतीय नागरिकत्व त्या क्षणी संपुष्टात येईल. म्हणजे भारतीय कायद्याचा आक्षेप दोन राष्ट्रीयत्वे असण्यावर जितका आहे, त्याहून अधिक तो दुसरे राष्ट्रीयत्व आपल्या इच्छेने घेण्यावर आहे. गोव्यातील सर्व वादाचे बीज या भेदात आहे.

३. १९६१ पूर्वीचे राष्ट्रीयत्व

पोर्तुगीज साम्राज्यात गोमंतकीयांचे कायदेशीर स्थान आफ्रिकेतील प्रजेहून वेगळे होते. अंगोला, मोझांबिक आणि गिनी येथील बहुसंख्य लोकांना ‘देशी’ असा हीन दर्जा देणारे जे विशेष कायदे होते, ते गोव्याला लागू नव्हते. १८२२ सालीच गोव्याचे प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेसाठी निवडले गेले. त्यांत बेर्नार्दो पेरेस द सिल्वा आणि कॉन्स्तान्सियू रॉक द कॉस्ता हे गोमंतकीय होते. १९१० च्या प्रजासत्ताकानंतर हिंदूंनाही कायद्याने समान नागरी दर्जा मिळाला. सालाझारच्या राजवटीत या नागरिकत्वातील राजकीय आशय जवळजवळ नष्ट झाला. भाषण-स्वातंत्र्य नव्हते आणि मताधिकार अत्यंत संकुचित होता. राष्ट्रीयत्वाची कायदेशीर चौकट मात्र तशीच उभी राहिली. गोव्यात जन्मलेल्या मुलाचा जन्म नागरी निबंधकाकडे नोंदविला जाई, आणि ती नोंद म्हणजे एका पोर्तुगीज नागरिकाची नोंद असे.

दुहेरी राष्ट्रीयत्वाची स्थिती १९६१ साली प्रथमच उत्पन्न झाली, असे मानण्याचा प्रघात आहे. तो पूर्णतः बरोबर नाही. गोव्यातून उपजीविकेसाठी मुंबईस येऊन स्थायिक झालेल्यांची संख्या विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मोठी होती. धोबीतलाव भागातील गावोगावचे कूड याची साक्ष देतात. संविधानाच्या अनुच्छेद ५ प्रमाणे ज्याचा अधिवास भारतात होता आणि जो संविधानाच्या प्रारंभापूर्वी सलग निदान पाच वर्षे भारतात सर्वसाधारणपणे राहत होता, तो जन्माने परदेशातील असला तरी भारताचा नागरिक झाला. या अटी पुऱ्या करणारा गोव्यात जन्मलेला मुंबईकर १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भारतीय मतदार होण्यास पात्र होता. त्याच वेळी लिस्बनच्या दृष्टीने त्याचे जन्मजात राष्ट्रीयत्व अबाधित होते. त्याने ते स्वेच्छेने संपादन केलेले नसल्यामुळे अनुच्छेद ९ त्याच्या आड येत नव्हता. ही स्थिती त्या काळी वादास कारण झाली नाही, कारण पोर्तुगीज राष्ट्रीयत्वापासून त्या मनुष्याला काही लाभ नव्हता आणि भारतीय मतदारयादीला त्याच्यापासून काही धोका वाटत नव्हता.

४. १९६२ चा नागरिकत्व आदेश

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोव्यातील पोर्तुगीज सत्तेचा अंत झाला. बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हे प्रदेश २० डिसेंबर १९६१ पासून भारताचे अंग ठरले. नव्या प्रदेशातील लोकांच्या नागरिकत्वाची व्यवस्था १९५५ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये होती. त्या कलमानुसार २८ मार्च १९६२ रोजी ‘गोवा, दमण व दीव (नागरिकत्व) आदेश’ काढण्यात आला. ज्या व्यक्तीचा स्वतःचा, अथवा जिच्या माता-पित्यांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचाही जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात झाला असेल, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारताची नागरिक झाली असे मानले जाईल, अशी त्यात तरतूद होती. ज्याला आपले पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखावयाचे असेल, त्याने आदेशाच्या प्रसिद्धीपासून एका महिन्याच्या आत प्रशासकाकडे तसे लेखी निवेदन करावे, एवढाच अपवाद ठेवण्यात आला.

या आदेशाची दोन वैशिष्ट्ये पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. पहिले असे की नागरिकत्व देण्यासाठी व्यक्तीच्या संमतीची अपेक्षा नव्हती. मौन हीच संमती मानली गेली. दुसरे असे की मौन पाळणाऱ्याला आपले पोर्तुगीज राष्ट्रीयत्व सोडल्याचे कोणतेही निवेदन करावे लागले नाही. भारतीय कायद्याला ते राष्ट्रीयत्व नष्ट करता येत नव्हते, कारण एका राज्याचे राष्ट्रीयत्व त्याच राज्याच्या कायद्याने जाते. पोर्तुगालने तर त्या वेळी गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्वच मान्य केलेले नव्हते. परिणामी बहुसंख्य गोमंतकीय पणजीत भारतीय आणि लिस्बनमध्ये पोर्तुगीज राहिले. यातील एकही राष्ट्रीयत्व त्यांनी मागून घेतलेले नव्हते.

ज्यांनी मुदतीत निवेदन केले, त्यांची स्थिती मात्र स्पष्ट झाली. मोंसिग्नोर सेबास्तियाँव फ्रान्सिश्कू शाव्हिएर दुस रेमेदियुस मोंतेरू या धर्मगुरूंनी पोर्तुगीज राष्ट्रीयत्व राखण्याचा पर्याय स्वीकारला होता. निवासाच्या परवान्याची मुदत संपल्यावरही ते गोव्यातच राहिले. तेव्हा परकीयांसंबंधीच्या कायद्याखाली त्यांच्यावर खटला झाला. जीनिव्हा करारांचा आधार घेऊन त्यांनी आपला बचाव केला. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली तो अमान्य केला. गोवा भारतात पूर्णपणे सामील झाल्यामुळे तेथे ‘व्याप्त प्रदेशाची’ स्थिती उरलेली नाही, असा निर्णयाचा आशय होता. जन्मभूमीत राहूनही मनुष्य परकीय ठरू शकतो, हे या खटल्याने दाखवून दिले. मतदार-नोंदणीच्या दृष्टीने त्यात संदिग्धता नव्हती : ज्याने निवेदन केले तो यादीबाहेर, ज्याने केले नाही तो यादीत.

या यादीचे राजकीय मोल लवकरच दिसून आले. डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण व दीव येथे प्रौढ मतदानाने पहिली विधानसभा निवडली गेली आणि दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष अधिकारावर आला. १६ जानेवारी १९६७ च्या जनमतकौलात केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. चौतीस हजारांच्या फरकाने एका प्रदेशाचे भवितव्य ठरले. अशा ठिकाणी यादीत कोण असावे, हा प्रश्न केवळ कारकुनी असू शकत नाही.

५. पाँडेचरीचे उदाहरण

तुलनेसाठी फ्रेंच वसाहतींचे उदाहरण उपयुक्त आहे. पाँडेचरी, कारिकल, माहे व यानम यांच्या हस्तांतराचा करार भारत आणि फ्रान्स यांच्यामध्ये २८ मे १९५६ रोजी झाला आणि १६ ऑगस्ट १९६२ रोजी तो अमलात आला. तेथे जन्मलेले व तेथेच अधिवास असलेले फ्रेंच राष्ट्रिक भारताचे नागरिक होतील; परंतु सहा महिन्यांच्या आत लेखी निवेदन करून त्यांना फ्रेंच राष्ट्रीयत्व राखता येईल, अशी व्यवस्था त्या करारात होती.

वरवर पाहता हा नियम गोव्याच्या आदेशासारखाच आहे. प्रत्यक्षात दोहोंत मूलभूत अंतर आहे. पाँडेचरीत निवड करण्यास एका महिन्याऐवजी सहा महिने मिळाले, हा भेद गौण होय. खरा भेद असा की तेथील व्यवस्था उभय राज्यांच्या संमतीने झाली होती. म्हणून एका बाजूने जो भारतीय ठरला, तो त्याच कृतीने दुसऱ्या बाजूने फ्रेंच राहिला नाही. पाँडेचरीत आजही फ्रेंच नागरिक राहतात आणि फ्रान्सच्या निवडणुकांत मतदान करतात. पण ते फ्रेंच म्हणून ओळखले जातात आणि भारतीय यादीत त्यांना स्थान नाही. गोव्याच्या बाबतीत असा करार १९६२ साली शक्यच नव्हता. वसाहतीचा अंत वाटाघाटीने झाला की शस्त्रबळाने झाला, याचा परिणाम साठ वर्षांनंतरच्या मतदारयादीवर कसा होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

६. लिस्बनचा कायदा आणि नवे स्थलांतर

एप्रिल १९७४ च्या क्रांतीनंतर पोर्तुगालचे धोरण पालटले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या करारान्वये पोर्तुगालने गोवा, दमण, दीव आणि दादरा व नगर-हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. हा करार १९७५ मध्ये अमलात आला. परंतु या प्रदेशांत जन्मलेल्यांचे पोर्तुगीज राष्ट्रीयत्व त्यामुळे रद्द झाले नाही. पाँडेचरीच्या करारात जे साधले होते, ते येथे राहूनच गेले.

३ ऑक्टोबर १९८१ च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व-कायद्याने ही स्थिती अधिक पक्की केली. त्या कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतल्याने पोर्तुगीज राष्ट्रीयत्व जात नाही. ज्याला ते नको असेल त्याने तसे निवेदन केले पाहिजे. भारतीय कायद्याची दिशा याच्या नेमकी उलट आहे. भारतीय नागरिकत्व कायद्याने आपोआप जाते, पोर्तुगीज राष्ट्रीयत्व मागितल्यावाचून जात नाही. दोन भिन्न तत्त्वांवरील कायद्यांची एकाच मनुष्यावर गाठ पडली, की एकाचे मौन दुसऱ्याच्या नियमाचा भंग ठरण्याचा संभव असतो.

१ जानेवारी १९८६ रोजी पोर्तुगाल युरोपीय समुदायाचे सदस्य झाले आणि ज्या राष्ट्रीयत्वाची गोव्यात कोणी फारशी आठवण ठेवली नव्हती, त्याला एकाएकी मोल आले. पोर्तुगीज पारपत्र मिळाले म्हणजे युरोपात कोठेही राहण्याचा व काम करण्याचा अधिकार मिळू लागला. आखाती देशांत आणि जहाजांवर नोकरी करणाऱ्या समाजाने ही वाट स्वाभाविकपणेच धरली. इंग्लंडमधील स्विंडनसारख्या गावी गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली. या वाटेचा पहिला टप्पा म्हणजे जुन्या नोंदवहीतील जन्मनोंद लिस्बन येथील मध्यवर्ती निबंधक-कचेरीत उतरवून घेणे. त्यानंतर ओळखपत्र आणि शेवटी पारपत्र, असा क्रम असतो.

या पहिल्या टप्प्याचा कायदेशीर अर्थ काय, हा वादाचा गाभा होय. येथे दोन पिढ्यांची स्थिती वेगवेगळी आहे. मुक्तीपूर्वी जन्मलेला मनुष्य पोर्तुगीज कायद्याने जन्मतःच पोर्तुगीज होता. त्याची जन्मनोंद लिस्बनमध्ये उतरविणे म्हणजे असलेल्या स्थितीचा पुरावा मिळविणे होय. त्याने नवे काहीच संपादन केले नाही, असा युक्तिवाद करता येतो. मुक्तीनंतर जन्मलेल्या मुला-नातवंडांची गोष्ट निराळी आहे. परदेशात जन्मलेल्या पोर्तुगीज माता-पित्यांच्या अपत्याचे राष्ट्रीयत्व पोर्तुगीज निबंधकाकडे नोंद झाल्यावर, अथवा तसे निवेदन केल्यावर, सिद्ध होते. तेव्हा लिस्बनचा कायदा त्याचा परिणाम जन्मापासून धरीत असला, तरी भारतीय कायद्याच्या दृष्टीने ती नोंद ही इच्छेची कृती ठरण्याचा संभव अधिक आहे. कारण कलम ९ मध्ये ‘नोंदणीने’ हा शब्द स्पष्टपणे आलेला आहे. तिसरा प्रकार त्याहून नाजूक आहे. आईबापांनी अज्ञान मुलाची नोंद करून टाकली आणि ते मूल अठरा वर्षांचे झाल्यावर गावच्या मतदारयादीत नाव घालण्यास गेले, तर त्याने ‘स्वेच्छेने’ काय केले, असे म्हणावयाचे?

पारपत्राच्या बाबतीत ही शंका उरत नाही. नागरिकत्व नियम, १९५६ यांच्या तिसऱ्या परिशिष्टात परकीय पारपत्र मिळविणे हा परकीय नागरिकत्व स्वेच्छेने संपादन केल्याचा निर्णायक पुरावा मानला होता. इझहार अहमद खान यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली हा नियम वैध ठरविला. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी दिला होता. तो खटला पाकिस्तानी पारपत्रासंबंधीचा होता. फाळणीच्या परिस्थितीत घडविलेले हे हत्यार पुढे युरोपात नोकरी शोधणाऱ्या गोमंतकीयांवर चालू लागले. म्हणून जन्मनोंद उतरविणारा आणि पारपत्र घेणारा यांच्यात कायद्याने मोठा भेद पडतो. समाजात मात्र दोघांचाही उल्लेख सरसकट ‘पोर्तुगीज झालेले’ असाच होतो.

७. नोंदणी-अधिकाऱ्यापुढील पेच

मतदार-नोंदणी अधिकाऱ्याचे काम येथे कठीण होते. एकीकडे १९५० च्या कायद्याचे कलम १६ त्याला सांगते, की नागरिक नसलेल्याचे नाव तत्काळ काढून टाक. दुसरीकडे १९५५ च्या कायद्याचे कलम ९, पोटकलम २ असे सांगते, की एखाद्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व संपादन केले की नाही, केव्हा केले व कसे केले, हा प्रश्न उपस्थित झाल्यास त्याचा निर्णय विहित प्राधिकाऱ्याने करावा. नियमांनी हा अधिकार केंद्र सरकारकडे दिला आहे. ज्याने नाव काढावयाचे, त्याला कारण ठरविण्याचा अधिकार नाही. आणि ज्याला कारण ठरविण्याचा अधिकार आहे, तो यादीपासून दूर आहे.

न्यायालयांच्या निर्णयांनी हा पेच दोन्ही बाजूंनी अधिक स्पष्ट केला. राजीव गांधी यांच्या निवडणुकीस आव्हान देणाऱ्या भगवतीप्रसाद दीक्षित यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली असे ठरविले, की परकीय नागरिकत्व संपादन केल्यामुळे भारतीय नागरिकत्व गेले काय, हा प्रश्न निवडणूक-याचिकेत उच्च न्यायालयालाही ठरविता येत नाही; तो केंद्र सरकारनेच ठरविला पाहिजे. लालबाबू हुसेन यांच्या प्रकरणात १९९५ साली मुंबई व दिल्ली येथील मतदारांना बजावलेल्या नोटिसांचा प्रश्न न्यायालयापुढे आला. ज्याचे नाव पूर्वीच्या यादीत आहे, त्याच्या नागरिकत्वाची छाननी पूर्वी झाली असे गृहीत धरले पाहिजे. संशयाचा आधार त्याला कळविला पाहिजे. आणि त्याला आपली बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. हे दोन्ही निर्णय गोव्यातील प्रकरणांतून आलेले नाहीत, तरी तेथील प्रत्येक हरकतीस ते लागू पडतात.

व्यवहारात पुढीलप्रमाणे घडते. नाव वगळण्यासाठी ठराविक नमुन्यातील अर्जाने कोणीही मतदार दुसऱ्याच्या नावास हरकत घेऊ शकतो. हरकतीबरोबर लिस्बनच्या नोंदीचा उतारा जोडलेला असतो किंवा केवळ गावातील बोलवा असते. ज्याच्या विरुद्ध हरकत आहे तो पुष्कळदा परदेशी असतो. नोटीस त्याच्या बंद घरावर जाते. घरी असला तर तो सांगतो, की आपल्याकडे भारतीय पारपत्र आहे आणि पोर्तुगीज पारपत्र आपण कधीच घेतले नाही. हे विधान खरे असू शकते आणि तरीही त्याची जन्मनोंद लिस्बनमध्ये असू शकते. उमेदवारीअर्जांच्या अखेरच्या तारखेनंतर यादीत फेरफार करता येत नाही. केंद्र सरकारचा निर्णय तर त्या मुदतीत येण्याचा संभव नसतो. गोवा विधानसभेचे मतदारसंघ चाळीस असून प्रत्येकात सुमारे पंचवीस ते तीस हजार मतदार असतात. एवढ्या लहान मतदारसंघात शे-दोनशे नावांनी निकाल पालटू शकतो. त्यामुळे हरकत हे कायद्याचे साधन असतानाच राजकीय साधनही बनते. २०१२ च्या निवडणुकीनंतर खुद्द निवडून आलेल्या काही सदस्यांच्या नागरिकत्वाविषयी लिस्बनच्या जन्मनोंदीवरून तक्रारी झाल्या. तेव्हा हा प्रश्न मतदारांपुरता राहिला नाही.

या स्थितीत दोन्ही प्रकारचे अन्याय संभवतात. ज्याने पारपत्र घेऊन नागरिकत्व गमावले आहे, त्याचे नाव अज्ञानाने वा हेतुपुरस्सर यादीत राहते आणि खऱ्या मतदारांचे मत त्या प्रमाणात हलके होते. उलट, ज्याने कोणतेही नागरिकत्व संपादन केलेले नाही अशा वृद्ध गोमंतकीयास केवळ आपल्या जन्माच्या काळामुळे संशयितासारखे उभे राहावे लागते. नोंदणीच्या अर्जातील खोट्या निवेदनास एक वर्षापर्यंतच्या कैदेची शिक्षा आहे. आपण भारताचे नागरिक आहोत, असे सही करून सांगणाऱ्याला ते खरे आहे की नाही हे ठाऊकच नसेल, तर त्या शिक्षेची धास्ती प्रामाणिक मनुष्यालाच अधिक वाटते. २०२५ च्या अखेरीस मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण गोव्यातही हाती घेण्यात आले, तेव्हा हे जुने प्रश्न स्वाभाविकपणेच पुन्हा पुढे आले.

८. परदेशस्थ मतदार आणि परदेशस्थ नागरिक

या प्रश्नात दोन नव्या संज्ञांनी भर घातली. २००३ व २००५ च्या दुरुस्त्यांनी ‘भारताचे परदेशस्थ नागरिक’ हा वर्ग निर्माण झाला. नावात नागरिक हा शब्द असला, तरी कायद्याने या वर्गास मतदार-नोंदणीचा हक्क स्पष्टपणे नाकारला आहे. पोर्तुगालचे त्या वेळचे पंतप्रधान आंतोनियू कॉस्ता हे पितृपक्षाकडून गोमंतकीय. जानेवारी २०१७ मध्ये त्यांना हे ओळखपत्र देण्यात आले. त्यामुळे त्यांना भारतात येण्या-राहण्याची सवलत मिळाली, मताधिकार मिळाला नाही; हे या वर्गाचे स्वरूप समजण्यास पुरेसे आहे.

दुसरी संज्ञा परदेशस्थ मतदाराची. २०१० च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलेले कलम २०-अ हे परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकास आपल्या मूळ गावच्या यादीत नाव नोंदविण्याची मुभा देते; मत मात्र प्रत्यक्ष येऊनच द्यावे लागते. या कलमात अट अशी आहे, की त्याने अन्य कोणत्याही देशाचे नागरिकत्व संपादन केलेले नसावे. येथे ‘स्वेच्छेने’ हा शब्द नाही. १९४९ पासून ज्या शब्दावर सर्व भेद उभा होता, तो या कलमात गळून पडला. त्यामुळे गावी राहणारा आणि परदेशी राहणारा अशा दोन गोमंतकीयांना वेगवेगळ्या कसोट्या लागू होण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

पोर्तुगालच्या बाजूने २०१८ च्या एका कायद्याने आणखी गुंतागुंत वाढविली. परदेशचा पत्ता असलेले पोर्तुगीज नागरिक-ओळखपत्र ज्याच्याकडे आहे, त्याचे नाव पोर्तुगीज मतदारयादीत आपोआप दाखल होऊ लागले. त्यामुळे एखाद्याचे नाव लिस्बनच्या यादीत आहे, एवढ्यावरून त्याने ते मागितले होते, असा निष्कर्ष काढता येत नाही.

इंग्लंडमधील स्थिती तर विचार करण्याजोगी आहे. तेथे कायद्याने राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तेथील लोकसभेच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. पोर्तुगीज पारपत्रावर तेथे गेलेल्या त्याच्या भावाला केवळ स्थानिक निवडणुकीत मत आहे. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यानंतरही पोर्तुगालशी २०१९ साली झालेल्या कराराने तो हक्क टिकला. जगण्याची सोय व्हावी म्हणून ज्याने पारपत्र बदलले, त्याने भारतातील मत तर गमावलेच, शिवाय ज्या देशात तो राहतो तेथील संसदेचे मतही त्याच्या वाट्यास आले नाही.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, गोमंतकीयांचे दुहेरी राष्ट्रीयत्व हे व्यक्तींच्या दुटप्पीपणातून आलेले नसून दोन राज्यांच्या परस्परांशी न जुळणाऱ्या कायद्यांतून आलेले आहे. १९६२ चा आदेश एकतर्फी होता आणि १९७४ च्या कराराने ती उणीव भरून काढली नाही. दुसरी, जन्मनोंद आणि पारपत्र यांतील भेद कायद्याने पुसट ठेवल्यामुळे निष्पाप आणि सदोष अशी दोन्ही नावे एकाच संशयाखाली येतात. मुक्तीपूर्वी जन्मलेल्यांची नुसती जन्मनोंद म्हणजे ‘संपादन’ होते की नाही, हे प्रत्येक प्रकरणात नव्याने ठरविण्यापेक्षा नियमांतच स्पष्ट करणे अवघड नाही. अज्ञान वयात नोंदल्या गेलेल्यांविषयीही तसेच. तिसरी, नाव काढण्याचा अधिकार एका अधिकाऱ्याकडे आणि नागरिकत्व ठरविण्याचा दुसऱ्याकडे असल्यामुळे निर्णय वेळेवर होत नाही; आणि मतदारयादीच्या बाबतीत विलंबाने झालेला निर्णय हा पुष्कळदा निर्णय न झाल्यासारखाच असतो.

एकनिष्ठ नागरिकत्वाचे तत्त्व संविधानकर्त्यांनी विचारपूर्वक स्वीकारले होते. ते सोडावे, असा या इतिहासाचा निष्कर्ष नाही. परंतु ‘स्वेच्छेने’ हा शब्दही त्यांनीच विचारपूर्वक योजिला होता. ज्या वृद्ध स्त्रीने १९६३ च्या डिसेंबरात आयुष्यातील पहिले मत दिले आणि त्यानंतर एकही निवडणूक चुकविली नाही, तिचा जन्म कोणत्या ध्वजाखाली झाला हा तिच्या इच्छेचा विषय नव्हता. तिचे नाव यादीत ठेवणे आणि ज्याने आपल्या इच्छेने दुसऱ्या राज्याचे पारपत्र घेतले त्याचे नाव काढणे, या दोन्ही गोष्टी एकाच शब्दाच्या प्रामाणिक अर्थातून साधतात. तो अर्थ निश्चित करण्याचे काम १९६२ पासून उरलेले आहे.